पाठकोरा कागद – नऊ महिन्यांत तीन क्रूझ केल्यानंतरचा अनुभव

आधी फोनचं सांगते, कारण हे लिहायची वेळ त्याच्यामुळे आली. गेल्या जूनमध्ये सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ घेतली होती, पेनांग आणि फुकेत. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या डेकवर चहा पीत बसले होते. पेनांगला बोट लागायला अजून चार तास होते. (धक्क्याला लागायला. मला स्वतःला बोट लागत नाही, मालवणची आहे.) फोनवर एक हिरवी उभी रेघ आली. मग दुसरी. चहा संपेपर्यंत स्क्रीन काळी ठिक्कर.

घरी असते तर गल्लीतल्या दुकानात टाकून भाजी घेऊन आले असते. बोटीवर मात्र त्या क्षणी मी निरक्षर झाले. आज कुठल्या मजल्यावर काय आहे, ॲपवर. रात्रीच्या शोची जागा, ॲपवर. जेवणाचं मेनूकार्ड, टेबलावरच्या क्यूआर कोडमध्ये. आतापर्यंत बिल किती झालं, ॲपवर. केबिनचं दार कार्डाने उघडतं तेवढं नशीब. आमच्या ह्यांचा फोन बटणांचा आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, म्हणजे तिकडूनही मदत शून्य.

स्वागतकक्षात रांग लावली. चाळीस मिनिटांनी नंबर आला. मी म्हटलं, आजचं कार्यक्रमपत्रक द्या. मुलगी गोड हसली, "ॲपवर आहे मॅडम." म्हटलं, फोन बंद पडलाय. "चार्जिंगला लावा मॅडम." म्हटलं, बाई, स्क्रीन गेलीय. मग ती म्हणाली, ॲपमधून आमच्याशी चॅट करा, लवकर उत्तर मिळतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आता थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. बाल्कनी घ्यावी की आतली खोली, कुठला मजला कमी हलतो, हे इथे वाचणाऱ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. मला त्या कागदाबद्दल बोलायचंय.

पहिली क्रूझ केली २००४ मध्ये, सिंगापूरहूनच, सुपरस्टार व्हर्गोवर. तेव्हा मुंबईतल्या निम्म्या ग्रुप टूर त्याच बोटीवर चढायच्या. लिफ्टमध्ये मराठी आणि गुजराती सोडून तिसरी भाषा क्वचित ऐकू यायची. रात्री जेवून आलं की दाराखालून आत सरकवलेला तो कागद पडलेला असायचा. मध्ये घडी, चार पानं, गुळगुळीत. उद्या सूर्योदय किती वाजता, कुठल्या बंदरात किती वाजता, संध्याकाळी कपडे कसे घालायचे, सगळं त्यात. मी अंथरुणात पडून पेनने खुणा करायचे आणि आमचे हे माझ्या खुणांवर फुल्या मारायचे. क्रूझ म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला स्विमिंग पूल आठवत नाही, तो कागद आठवतो.

त्यानंतर २००६ मध्ये मुंबईहून गोव्याला सुपरस्टार लिब्रा. माझी नोकरी तेव्हा बॅलार्ड इस्टेटमध्ये. जेवणाच्या सुट्टीत ज्या धक्क्याकडे बघत डबा खायचो तिथूनच बोटीत चढायचं, याचं फार अप्रूप वाटलं होतं. मग मुलांची शिक्षणं, मोठा खंड. २०१९ च्या डिसेंबरात कर्णिका नावाची बोट. ती मूळची १९९० ची 'क्राउन प्रिन्सेस'. वरचा भाग डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोल, आराखड्यात रेन्झो पियानो या इटालियन वास्तुविशारदाचा हात. आम्ही उतरलो, तीन महिन्यांत लॉकडाउन लागलं आणि त्याच वर्षी ती भंगारात गुजरातेत अलंगला गेली. वाळूवर चढवलेल्या बोटीचा फोटो बघून मला रडू आलं होतं. हे म्हणाले, तिकिटाचे पैसे वसूल झाले ना, मग? २०२२ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस, तीही १९९० चीच, अमेरिकेत तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी बांधलेली. गेल्या नोव्हेंबरात भाच्याच्या कुटुंबाबरोबर तिच्यावर पुन्हा गोव्याला जाऊन आलो. जूनची सिंगापूर आणि या फेब्रुवारीतली सिंगापूर धरून नऊ महिन्यांत तीन. निवृत्तीचे पैसे असे उडवतात, असं जाऊबाई म्हणतात.

तर जून. तिसऱ्या दिवशी फुकेत. तिथल्या पातोंग किनाऱ्याला बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेते. मला त्यात नवल वाटलं नाही. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण सेवकने आजोळी जायचो तेव्हा मालवणला हेच व्हायचं. मोठी बोट बाहेर, आपण पडावात, पडाव वरखाली, आईच्या तोंडाला पदर. तेव्हा तांडेल हात धरून उतरवायचा. आता त्या छोट्या बोटीचा नंबर ॲपवर येतो. सगळे आपापल्या फोनकडे बघत नंबर आला की उठत होते आणि मी फलाटावर इंडिकेटर बंद पडल्यासारखी बघत होते. शेवटी एका पंजाबी कुटुंबाच्या मागे लागून उतरले.

आता पैशांचं. माणशी रोज १८ डॉलर सेवाशुल्क आपोआप खात्यात. दोघांचे चार दिवसांचे १४४ डॉलर, म्हणजे साडेबारा हजारांच्या आसपास. पूर्वी शेवटच्या रात्री टिपेसाठी पाकिटं ठेवायचे, ज्याने केलं त्याच्या हातात द्यायचो आणि ह्यांना प्रत्येक पाकिटातून दहा डॉलर कमी करायची संधी मिळायची. दुसरं, दारूचं पॅकेज. खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं, हा आता बहुतेक कंपन्यांचा नियम. मी लिंबूपाण्याच्या पुढे जात नाही. माझ्या लिंबूपाण्यासाठी दारूच्या पॅकेजचे पैसे? ह्यांनी चार दिवस उपवास केला. प्रकृतीला बरं झालं, स्वभावाला नाही. तिसरं, चढतानाच आमचा एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतला, आगीची भीती म्हणून. पावती दिली, शेवटच्या संध्याकाळी परत मिळाला. यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, पण खोलीत एकच धड सॉकेट ठेवून सगळा कारभार फोनवर न्यायचा, हे काही पटलं नाही.

शो, कसरती, गाणी ठीक. जेवण चांगलं, भारतीय काउंटरवर रोज डाळ-भात. नव्या मोठ्या बोटींवर बाहेरून पूर्ण फेरी मारता येईल असा डेक शोधावा लागतो, कारण ती जागा खोल्यांनी आणि दुकानांनी खाल्ली. सकाळी अर्धा तास चालणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी नकाशा बघावा.

तिसऱ्या रात्री मी ह्यांना मोठ्याने म्हटलं, "एक कागद छापायला ह्यांच्या बापाचं काय जातं!" दार उघडं होतं. बाहेर चादरींच्या गाडीपाशी उभा असलेला मुलगा वळला.

"काकूनू, तुमी खंयचे?"

वेंगुर्ल्याचा. आठ महिन्यांचं कंत्राट, त्यातले पाच झालेले. मी मालवणची म्हटल्यावर त्याने बांगड्याचा भाव विचारला. मग म्हणाला, कागद मिळतो, काकू, स्वागतकक्षात मागितला तर प्रिंट काढून देतात, फक्त कुणी सांगत नाही. मी आणतो. रात्री साडेदहाला दाराखालून सर्रकन आवाज आला. ए-फोर कागद, साधा, एका बाजूला छापलेला, अक्षरं मुंगीएवढी. मी चष्मा लावून अंथरुणात बसले, पेन घेतलं. हे म्हणाले, झोप आता. मी नाही झोपले.

त्याच्याशी बोलताना एक गोष्ट कळली. पूर्वी खोली दिवसातून दोनदा आवरायचे. संध्याकाळी चादर दुमडून ठेवायची, उशीवर चॉकलेट, टॉवेलचा हत्ती. आता एकदाच, सकाळ किंवा संध्याकाळ, आपण निवडायचं. मला वाटलं होतं, बरं झालं, मुलांची मेहनत वाचली. तो हसला. एकेकाकडे खोल्या वाढल्या, काकू. हत्ती करायला वेळ कुठला.

मुंबईला आल्यावर हे लिहायला बसले आणि पहिला खर्डा नुसता शिव्यांचा झाला. एक तारा. बरं झालं, तेव्हा टाकला नाही.

कारण फेब्रुवारीत परत गेलो, दुसरी कंपनी, तीन रात्री, नवा फोन, बरोबर माझी बहीण आणि मेहुणे. ते चौदाव्या मजल्यावर, आम्ही सहाव्या. २००४ ला कुणी चुकलं की तास तास शोधत फिरायचो, आता ॲपवर "बुफेत ये" लिहिलं की झालं. जेवणाला रांग नाही. आणि सुरक्षा कवायत! २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझची बोट इटलीतल्या जिल्यो बेटाच्या खडकावर गेली, ३२ माणसं मेली आणि त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलून बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या कवायत घेणं बंधनकारक झालं. आधीच्या बोटींवर आम्ही उन्हात, शेजाऱ्याच्या घामाच्या वासात, अर्धा अर्धा तास उभे राहिलोय. करोनानंतर बऱ्याच बोटींवर फोनवर व्हिडिओ बघायचा, सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकायचा, मग संकटात जमायच्या आपल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. दहा मिनिटं. ह्यांच्या गुडघ्यांनी या एका गोष्टीला पाच तारे दिलेत. मला मात्र थोडी शंका आहे. उभं राहून कंटाळलेल्या माणसाला जागा लक्षात राहायची. मेहुण्यांना दुसऱ्या दिवशी विचारलं, तुमची जागा कुठली, तर ते बुफे म्हणाले.

आणखी एक. परत आल्यावर माळ्यावरची फाइल काढली. मी २००४ पासूनचे सगळे कागद ठेवलेत. मुंबईत एवढ्याशा घरात कशाला, हे घरातल्या प्रत्येकाने विचारून झालंय. व्हर्गोचा पहिल्या रात्रीचा कागद उलगडला. चार पानं. त्यातलं दीड पान कॅसिनो, परफ्यूम, सोन्याची साखळी इंचावर, मसाज आणि 'तुमचा कॅप्टनबरोबरचा फोटो आजच घ्या'. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जाहिरातींचाच होता. तेव्हाही ते विकतच होते. आज ॲप दर तासाला टुंग करून विकतं, एवढाच फरक. तो टुंग बंद करता येतो, सेटिंग्जमध्ये चौथ्या ओळीत. बहिणीच्या मुलाने फोनवरून शिकवलं.

म्हणून तारे बदलते. ॲपला चारपैकी अडीच. चारपैकी का, माझी मर्जी. सेवाशुल्काला शून्य नाही देत, पण त्यातलं किती त्या वेंगुर्ल्याच्या मुलापर्यंत पोचतं ते बिलावर लिहिलं असतं तर एक वाढवला असता. जाणाऱ्यांना इतकंच सांगते: एका जोडप्यात दोन स्मार्टफोन असू द्या. आमच्या ह्यांना आता घेऊन दिलाय, ते त्यावर भरतीओहोटी बघतात. सिंगापूरचा व्हिसा दोनदा आत शिरता येईल असाच आहे ना, तारखा नीट बघा, कारण बोट परत तिथेच येते. आणि पहिल्याच संध्याकाळी स्वागतकक्षात जाऊन कागद मागा. फेब्रुवारीत मी तिन्ही रात्री मागितला. पहिल्या रात्री त्या मुलाने मशीनकडे असं पाहिलं की जणू मी टाइपरायटर मागितला, तिसऱ्या रात्री माझा नंबर यायच्या आत काढून ठेवला होता.

जूनचे दोन आणि फेब्रुवारीचे तीन, असे पाच झाले. फाइलमध्ये लावायला घेतले तर हे म्हणाले, थांब, बघू. उलटे करून बघितले. जुने कागद दोन्ही बाजूंनी छापलेले आणि गुळगुळीत, त्यांच्यावर खुणांपलीकडे पेन चालायचं नाही. हे पाचही पाठकोरे. आत्ता त्यातल्या एकावर, पेनांगला बोट किती वाजता सुटली त्याच्या मागे, मार्चचा दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब आहे. बाकीचे चार एप्रिलपासून पुरतील म्हणतात.