फ्लॉरेन्सची चित्रफेरी : पाचपैकी चार, एक तारा हेडफोनने खाल्ला

सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, शेवटची सहा शाखाधिकारी म्हणून. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. लेकीने या तीन तासांच्या पायी फेरीचं बुकिंग केलं, तेव्हा मी माणशी ५५ युरोंचे रुपये करत बसलो होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

सुरुवात सांता त्रिनिता चर्चच्या पायऱ्यांवर. गाइड पन्नाशीच्या बाई, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. आता त्या ‘कलेचं पुनरुज्जीवन’ वगैरे सुरू करणार म्हणून मी जांभई आवरत होतो, तर त्यांनी पर्समधून फ्लोरिनची नक्कल काढून माझ्या तळहातावर ठेवली. १२५२ पासून पाडलेलं नाणं, साडेतीन ग्रॅम सोनं, एका बाजूला लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला शहराचा रक्षक संत जॉन. ‘चित्रं नंतर, आधी हे,’ म्हणाल्या. माझी झोप उडाली.

आत वेदीच्या उजवीकडे सासेत्ती घराण्याचं छोटं प्रार्थनागृह आहे. फ्रांचेस्को सासेत्ती म्हणजे मेदिची बँकेचे जनरल मॅनेजर. भिंती रंगवल्या दोमेनिको गिर्लांदायोने, काम पुरं झालं १४८५ मध्ये. वेदीच्या एका बाजूला स्वतः सासेत्ती, दुसऱ्या बाजूला बायको, दोघंही हात जोडून गुडघे टेकलेले. व्याज घेणं चर्चच्या लेखी पाप. म्हणून बँका हुंडीवर चालायच्या : पैसे इथे एका चलनात द्यायचे, तिकडे दुसऱ्या चलनात घ्यायचे, आणि व्याज दराच्या फरकात लपवायचं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मनाला टोचणी राहायचीच, आणि तिचा उतारा म्हणजे असं प्रार्थनागृह. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, यांनी अख्खा देणगीदारच रंगवून घेतला.

मॅनेजरसाहेबांचं नाव फ्रांचेस्को, म्हणून गोष्टी संत फ्रान्सिसच्या. वरच्या चित्रात पोप त्याच्या पंथाची नियमावली मंजूर करतात. प्रसंग रोमचा, तेराव्या शतकातला, पण मागे दिसतो फ्लॉरेन्सचा चौक आणि उजव्या अंगाला उभे आहेत लोरेन्झो मेदिची. त्यांना खेटून सासेत्ती. मालकाशेजारी मॅनेजर! वार्षिक सभेच्या फोटोत अध्यक्षांशेजारची जागा कशी पटकवतात, ते मी आयुष्यभर पाहिलंय.

त्याखालच्या चित्रात खिडकीतून पडून गेलेलं मूल संत उठवून बसवतो. सासेत्तींचा तेओदोरो नावाचा मुलगा वारला होता, आणि नंतर झालेल्या मुलाला त्यांनी तेच नाव ठेवलं. हे ऐकल्यावर आमची ही बराच वेळ तिथून हलली नाही. चित्रातला चौक म्हणजे चर्चच्या दाराबाहेरचाच. बाहेर आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर समोरच्या वाड्याच्या खिडक्या न्याहाळल्या.

याच साहेबांच्या कारकिर्दीत बँकेच्या ब्रुज (आजच्या बेल्जियममधलं शहर) इथल्या शाखेने बर्गंडीच्या ड्यूकला भरमसाट कर्ज दिलं. ड्यूक १४७७ मध्ये लढाईत पडला, कर्ज थकलं, शेवटी शाखा गुंडाळावी लागली. ‘तारण काय होतं?’ मी विचारलं. बाई मोठ्याने हसल्या. त्या शाखेचे व्यवस्थापक पोर्तिनारी यांनीही स्वतःसाठी एक प्रचंड चित्र करवून घेतलं होतं. ते आता उफीत्सी संग्रहालयात आहे. फेरीत ते नाही, आम्ही दुसऱ्या दिवशी वेगळं तिकीट काढून पाहिलं. त्यातले रापलेले मेंढपाळ बघा. सासेत्तीच्या वेदीवरच्या चित्रातले मेंढपाळ गिर्लांदायोने तिथूनच उचललेत, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

आता तक्रार. जाहिरातीत १२ जणांचा गट, प्रत्यक्षात आम्ही १९. हेडफोन सतत खरखरत होता. बदलून दिलेला तर पार मुका निघाला. कॅथीड्रलचा घुमट पाच मिनिटांत उरकला.

शेवटचा मुक्काम अनाथ बालकांचं इस्पितळ, ओस्पेदाले देल्यी इनोचेंती. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने पैसा घातला, १४१९ पासून बांधकाम, आराखडा ब्रुनेलेस्कीचा. इथे गिर्लांदायोचंच ‘राजांचं वंदन’ आहे, बाळ येशूपुढे झुकलेल्या राजांचं चित्र, १४८८ चं. बाईंनी त्याच्या कराराची छापील प्रत वाचून दाखवली आणि मी बाकावर सरसावून बसलो. किंमत ११५ फ्लोरिन. मुदत तीस महिने. दरमहा हप्ता ३ फ्लोरिन. उशीर झाला तर चित्रकाराला दंड, आणि हप्ते चुकले तर चित्र पुरं होताच सगळी बाकी एकरकमी. निळा रंग साधारण ४ फ्लोरिन औंसाचाच हवा, म्हणजे अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दाचा, हलका चालणार नाही. वर काम तेवढ्या किमतीचं वाटलं नाही, तर करार लिहिणारे फ्रा बेर्नार्दो नावाचे साधू रक्कम कमी करणार! मी लगेच गणित मांडलं : तीस महिन्यांत ९० होतात, २५ मागे राहतात. मसुदा करणारा माणूस पक्का होता.

मग चित्रासमोर गेलो. येशूची आई मारिया, तिच्या झग्याचा निळा दिसला आणि मी मनात औंस मोजायला लागलो. पुढे दोन लहान मुलं गुडघे टेकून आहेत, अंगावर जखमा. बाळ येशूला संपवायला निघालेल्या हेरोद राजाने मारलेली निष्पाप बालकं. इस्पितळाचं नावच त्यांच्यावरून. ही तिथे पुन्हा थांबली. माझी बेरीज तिथेच राहिली.

जाणार असाल तर सकाळची वेळ घ्या, स्वतःचे वायरवाले इअरफोन न्या. आणि खिशात एक युरोची चार-पाच नाणी असू द्या. सासेत्तीच्या प्रार्थनागृहातला दिवा नाणं टाकल्यावरच लागतो, आणि ऐन लोरेन्झोच्या चेहऱ्यापाशी आलात की खटकन विझतो.