शियामेन की क्वानझौ? तीनच दिवस हातात असतील तर

आधी एक सावधगिरी, तिकीट काढताना क्वानझौ आणि ग्वांगझौ यांची गल्लत करू नका. ग्वांगझौ म्हणजे जुनं कँटन, ते दुसऱ्याच प्रांतात, शेकडो किलोमीटर लांब. आपण बोलतोय फूजियान प्रांताबद्दल, तैवानच्या बरोब्बर समोरचा किनारा. तिथे शियामेन आणि क्वानझौ ही दोन बंदरं फास्ट ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर आहेत, त्यामुळे "दोन्ही बघू की" असं सगळेच म्हणतात आणि मग दोन्हीकडे नुसते फोटो काढून परत येतात. मुक्काम एकीकडेच करा, प्रश्न फक्त कुठे एवढाच.

सरळ सांगतो, इतिहासासाठी जाणार असाल तर क्वानझौ. समुद्र, बीच, कॅफे, घरच्यांना घेऊन निवांत फिरणं हवं असेल तर शियामेन, त्यात कमीपणा काहीच नाही.

फरक का पडला ते नकाशात दिसतं. क्वानझौ जिन नदीच्या मुखाशी आहे, आणि नदी म्हटलं की गाळ आलाच. शियामेन हे मुळात बेटच, पाणी खोल, समोर किनमेनची बेटं आडवी असल्याने मोठ्या लाटाही थेट येत नाहीत. म्हणजे बंदर म्हणून शियामेनच सरस, पण सॉन्ग आणि युआन राजघराण्यांच्या काळात, म्हणजे 10व्या ते 14व्या शतकात, राज्य होतं क्वानझौचं. 1087 मध्ये सरकारने तिथे परदेशी व्यापाराचं ऑफिस उघडलं (आजच्या भाषेत कस्टम्सच), पुढे राजधानी दक्षिणेला हांगझौला सरकली आणि या बंदराचं नशीबच फळफळलं. अरब, इराणी, तमिळ, सगळे येऊन राहिले. मार्को पोलो चीनमधून परत निघाला तो इथूनच, मंगोल राजकन्येला इराणला पोचवायच्या ताफ्यात, आणि त्याच्याच पुस्तकात पुढे आपल्या ठाण्याचंही वर्णन आहे.

अरब लोक क्वानझौला झैतून म्हणायचे. झैतून म्हणजे ऑलिव्ह, पण 14व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे उतरला तेव्हा त्याने लिहून ठेवलं की नाव झैतून असलं तरी इथे ऑलिव्ह काही नाही. खरं नाव त्सथोंग, आणि त्सथोंग म्हणजे पांगारा! हो, आपलाच, लाल फुलांचा काटेरी पांगारा. 10व्या शतकात तटाभोवती ही झाडं लावली होती म्हणून गावालाच ते नाव पडलं. आपल्याकडे कोकणात कुंपणाला लावतात त्या झाडाच्या नावाने जगातलं एवढं मोठं बंदर ओळखलं जायचं, हे मला अजून गंमतीचं वाटतं.

तिथे बघायचं काय? पहिलं म्हणजे काययुआन मंदिर, 686 सालचं. पुढच्या अंगणातले दोन दगडी मनोरे 13व्या शतकातले, सगळे तिथेच फोटो काढत बसतात. तुम्ही मात्र मुख्य सभागृहाच्या मागे जा, तिथे दोन सोळा कोनी खांब आहेत आणि त्यावर विष्णूच्या कथा कोरल्यात, नरसिंह ओळखायला तर गाईड लागतच नाही. बौद्ध मंदिरात नरसिंह कसा आला? तमिळ व्यापाऱ्यांनी इथे देऊळ बांधलं होतं, 1281 चा तमिळ शिलालेखही सापडलाय. पुढे 1357 ते 1366 मध्ये परदेशी पलटणीचं बंड झालं, ते चिरडताना परदेशी लोकांची कत्तल झाली, देवळं गेली आणि त्यांचे दगड लोकांनी तटाला, इमारतींना वापरून टाकले. असे बरेच दगड आता सागरी संग्रहालयात आहेत. तिथून छिंगजिंग मशीद गाठा, 1009 ची, तिच्या शेजारीच चिनी देवाचं भरगर्दीचं मंदिर.

पूल मात्र सोडू नका. लुओयांग पूल 1053 ते 1059 मध्ये बांधला, त्याच्या पायावर मुद्दाम कालवं (ऑयस्टर) वाढवली, म्हणजे ती चिकटून दगड घट्ट धरतील. दुसरा आनपिंग पूल, 1151 ला पुरा झाला, साधारण दोन किलोमीटर लांब, हा खाडीवर बांधलेला, पण आज त्यावरून चालताना आजूबाजूला तळी आणि बाग दिसते, समुद्र दिसत नाही. गाळ म्हणजे काय ते तिथे कळतं. त्यात युआननंतर आलेल्या मिंग राजांनी सागरी व्यापारावर बंदी घातली, धंदा आधी झांगझौच्या युएगांगला आणि मग शियामेनला गेला. क्वानझौमध्ये एवढं जुनं शिल्लक आहे त्याचं एक कारण हेच, बंदराचं महत्त्व गेलं आणि पाडून नवीन बांधायची तेवढी घाई कोणालाच राहिली नाही. 2021 ला 22 ठिकाणं मिळून युनेस्कोच्या यादीत गेली, ती गावात आणि गावाबाहेर लांबवर विखुरलेली आहेत, त्यामुळे एका दिवसात "उरकू" म्हणणाऱ्यांनी न गेलेलं बरं.

आता शियामेन. याचा इतिहास उशिरा सुरू होतो पण आहे मसालेदार. सेनापती झेंग चेंगगोंग (युरोपियन लोकांचा कोशिंगा) इथून मिंग घराण्यासाठी लढला आणि 1662 ला डचांना तैवानमधून हाकललं. पहिल्या अफू युद्धानंतर 1842 च्या तहात हे बंदर इंग्रजांना उघडावं लागलं, आणि त्या अफूतली माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची हेही लक्षात ठेवा, दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच श्रीमंतीचं मूळ तिथेच आहे. इंग्रजीतला 'टी' शब्दही या भागातल्या बोलीतल्या 'ते' वरून, डचांमार्फत गेलेला. आपला चहा मात्र दुसऱ्या उच्चारावरून, 'छा' वरून.

समोरचं गुलांगयू बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं, गाड्या नाहीत, जुने कॉन्सुलेट, बंगले, पियानो म्युझियम. 2017 ला युनेस्कोत गेलं. सुंदर आहे, वाद नाही, पण सुट्टीच्या दिवशी दादर स्टेशन परवडलं इतकी गर्दी. फेरीचं तिकीट पासपोर्टवर आधीच काढा.

मला स्वतःला शियामेनमधलं जास्त भारी वाटतं ते म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरून दिसणारं किनमेन. ते तैवानच्या ताब्यात आहे, काही किलोमीटरवर. 1958 ला चीनने त्यावर प्रचंड तोफा डागल्या आणि नंतर 1979 पर्यंत एक दिवसाआड, फक्त विषम तारखांना मारा चालू होता, सम तारखेला सुट्टी! आता त्याच पाण्यावरून 2001 पासून फेरी चालते. तुम्ही मोहात पडून तिकीट काढू नका, किनमेनला जाणं म्हणजे चीनमधून बाहेर पडणं, सिंगल एंट्री व्हिसा तिथेच संपतो आणि तैवानची परवानगी वेगळी लागते.

खाण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे कालवं आणि मासे, मासे खाणाऱ्यांची चंगळ. शाकाहारी असाल तर शियामेनचा पॉइंट वर जातो, नानपुतुओ मंदिरातलं शाकाहारी जेवण प्रसिद्ध आहे. जुलै ते सप्टेंबर टाळा, टायफून येतात, आणि त्यात फेऱ्या बंद झाल्या तर गुलांगयूचा दिवस गेलाच समजा.

मी असतो तर विमानाने शियामेनला उतरून तडक ट्रेन पकडून क्वानझौला दोन रात्री काढल्या असत्या, एक दिवस गावातला, एक दिवस पुलांचा. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर परत शियामेन, बॅग स्टेशनवर ठेवून, आणि गर्दीचा दिवस असेल तर गुलांगयू चक्क सोडून दुपारभर किनमेनकडे तोंड करून बसलो असतो.