पल्ल्याचे गेट की सरकते गेट?

कंपाउंडची भिंत पूर्ण होत आली की गेटचा विषय निघतो आणि चर्चा पत्रा की जाळी, नक्षी की सरळ पट्ट्या इथेच अडकते. ते शेवटी ठरवा. आधी दोन गोष्टी बघा: गेटचे वजन कशावर येणार आणि उघडलेले गेट कुठे जाणार. फॅब्रिकेटर बहुतेक वेळा तुम्ही सांगाल ते बनवून देतो; जागा नीट बघायचे काम आपलेच.

पल्ल्याच्या, म्हणजे दारासारख्या उघडणाऱ्या गेटचे सगळे वजन बिजागऱ्यांवरून खांबावर येते. वरची बिजागरी खांबाला ओढत असते, खालची ढकलत असते. ही ओढ घरी बसून काढता येते: पल्ल्याचे वजन गुणिले निम्मी रुंदी, भागिले दोन बिजागऱ्यांमधले अंतर. ४ मीटर रुंद, २०० किलोचा एकच पल्ला घेतला आणि बिजागऱ्यांत दीड मीटर अंतर ठेवले, तर ओढ सुमारे २६७ किलो येते. तेच गेट दोन पल्ल्यांत विभागले, तर प्रत्येक खांबावर जेमतेम ६७ किलो. निम्मी नाही, पाव! म्हणून रुंद गेटला एकच पल्ला लावायचा हट्ट मला पटत नाही. खांब हळूहळू कलतो, पल्ल्याचे टोक खाली येते, कडी जुळेनाशी होते आणि मग रोज गेट उचलून लावावे लागते. टोकाखाली चाक लावून भार कमी करता येतो, पण जमीन सपाट असेल तरच. खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत तिरका आधार मात्र हवाच. तो पल्ल्याची चौकट वाकडी होऊ देत नाही.

सरकत्या गेटचे वजन खालच्या चाकांवरून रुळावर आणि तिथून जमिनीत जाते. वरचे रोलर त्याला फक्त उभे धरतात. त्यामुळे वजनदार गेटही एका हाताने सरकते, पण रूळ सरळ आणि एका पातळीत असेल तोवरच. रुळाखाली काँक्रीटची सलग पट्टी घाला. गाडीची चाके रोज त्यावरून जाणार आहेत. तुकड्यातुकड्याने टाकलेला पाया खचला की गेट तिथेच अडकते. पावसाळ्यात रुळाजवळ चिखल आणि खडी साचते, झाडू मारत राहावे लागते. हे टाळायचे असेल तर बिनरुळाचे, तरंगते सरकते गेट असते. त्याला तोल सांभाळायला मागे जास्तीची लांबी लागते, साधारण वाटेच्या निम्मी. म्हणजे ४ मीटर वाटेसाठी ६ मीटरच्या आसपास गेट आणि बाजूला तेवढी मोकळी भिंत.

बऱ्याचदा निर्णय उतारच करून टाकतो. रस्ता आत चढत असेल तर आत उघडणारा पल्ला जमिनीला घासणार, आणि बाहेर उघडला तर रस्त्यावर येणार. तिथे सरकतेच घ्या. उतार भिंतीला समांतर असेल तर नेमके उलटे: रुळावरचे गेट आपोआप घरंगळते, ते लावूच नका. आत गाडी गेटाला चिकटून उभी राहत असेल तरी सरकते बरे. बाजूला गेटच्या रुंदीएवढी सलग भिंत नसेल तर पल्ल्यांशिवाय इलाज नाही.

वाऱ्याच्या जागी पूर्ण पत्रा मारलेला पल्ला जोरात आपटतो; जाळी किंवा पट्ट्या ठेवा, आणि उघड्या स्थितीत अडकवायला जमिनीत बोल्ट द्या. सरकत्याला ही अडचण कमी.

मोटर बसवायची असेल तर माझे मत सरकत्याला. दातेरी पट्टी आणि एक मोटर पुरते. दोन पल्ल्यांना दोन मोटरी आणि कोणता आधी मिटायचा याची जुळणी लागते. वीज गेल्यावर हाताने उघडायची किल्ली दोन्हींत असते, ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. माणसांच्या येण्याजाण्यासाठी वेगळी दिंडी (छोटे दार) ठेवली तर मोठे गेट दिवसभर उघडबंद करावे लागत नाही.

सरकते गेट घेतलेत तर ताबा घेताना एक तपासणी स्वतः करा. रुळाच्या दोन्ही टोकांना पक्का स्टॉपर आहे ना, हे गेट शेवटपर्यंत ढकलून बघा. स्टॉपर नसला किंवा त्याचे वेल्डिंग तुटले, तर गेट वरच्या रोलरांतून निसटते आणि अख्खे आडवे पडते. अशा गेटांखाली लहान मुले दगावली आहेत. स्टॉपर बसेपर्यंत गेट वापरू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका.