मातृवंदना, लेक लाडकी, अंगणवाडी की पाळणाघर? नोकरी करणाऱ्या आईचा रिव्ह्यू

लातूरला गंजगोलाईत कापडाच्या दुकानात काउंटरवर असते मी, घरी दीड वर्षाची पोरगी, सासूबाईंचे गुडघे गेलेत त्यामुळं तिच्यामागं पळणं त्यांच्यानं होत नाही. दुकानातल्या पोरी सारख्या विचारायल्यात, ताई लेकरासाठी सरकारचं काय काय मिळतं, कोणतं घ्यावं. म्हणून लिहायलेय.

आधी एक सांगते, यातली एक घेतली की दुसरी बंद असं काही नाही. मातृवंदनेचे पैसे बाळंतपणासाठी आईला, लेक लाडकीचे मुलीला, अंगणवाडी सगळ्यांनाच. आपल्याला कशात बसता येतं आणि कशासाठी पळायचं एवढंच ठरवायचं.

मातृवंदनेत पहिल्या लेकराला ५००० मिळतात, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाली की ३०००, जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस झाले की २०००. दुसरी मुलगी झाली तर एकदम ६०००, दुसरा मुलगा झाला तर काही नाही. उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, नाहीतर ई-श्रम, आयुष्मान, रोजगार हमीचं जॉब कार्ड असलं तरी चालतं. बाळ झाल्यापासून २७० दिवसांच्या आत फॉर्म गेला पाहिजे, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या पोरींचं हितंच हुकतं बघा. माझे पैसे लई दिवस अडकले होते, कारण आधारवर सासरचं नाव अन् बँकेत माहेरचं. आले तेव्हा बाळंतपणाची उधारी फिटली, म्हणजे उपयोग झाला. पण नोकरीवर परत जायचं म्हणलं की त्याचा काही संबंध नाही, पैसा तवरच संपलेला असतो. ५ पैकी ३.

लेक लाडकीचा १ लाख १ हजाराचा आकडा ऐकला की सगळ्यांचे डोळे मोठे होतात. पण त्यातले ७५ हजार पोरगी १८ वर्षांची झाल्यावर. जन्मल्यावर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८०००, असं हप्त्यानं येतं. १ एप्रिल २०२३ पासून पुढं जन्मलेली मुलगी पाहिजे, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड पाहिजे, वर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला, अन् पुढच्या हप्त्यांना कुटुंब नियोजनाचं प्रमाणपत्र पण मागतात. आमचे दोघांचे पगार धरले की आम्ही बाहेर. औशाला माझी जाऊ असते, तिच्या पोरीचं झालं, फॉर्म तिथल्या अंगणवाडीच्या ताईनंच भरून दिला. पोरीच्या शिक्षणासाठी चांगली आहे, नाव ठेवणार नाही. पण दीड वर्षाच्या लेकराला दिवसभर सांभाळायचं कुणी हे ती कशी सांगणार, म्हणून माझ्या हिशोबात २.

अंगणवाडीला मी ४ देते, लोकं उगी नाकं मुरडतात. ही योजना १९७५ पासून चालू आहे. सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत घरी न्यायला पोषण आहाराचं पाकीट, तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना तिथंच गरम जेवण असं ठरलेलं आहे. पाकिटातलं पीठ आमची पोरगी तसं तोंडात धरत नाही, गूळ-तूप घालून लाडू केले की खाते. वजन-उंची मापतात, लसीची आठवण करतात. आणि लेकराचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नाव लागतं. बीड-धाराशिवकडून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी हे ध्यानात ठेवा, तोडीला गेलात तिथल्या अंगणवाडीत पण नाव घालता येतं.

एक मार्क कापला तो टायमिंगचा. मी ताईंना विचारलं होतं, "ताई, पाचपर्यंत ठेवता का हिला?" तर त्या म्हणल्या, "अवो, तीनच्या आतलं लेकरू आम्ही ठेवून घेतच नाही, अन् मोठी पण दुपारी घरी जातात. त्यात ह्या मोबाईलमध्ये माहिती भरायची ती वेगळीच." त्यांचं पण बरोबर आहे, एकटी बाई काय काय करणार.

मला पाहिजे ती खरी तर पाळणा योजना. केंद्राची आहे, काही अंगणवाड्यांनाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, एका ठिकाणी जास्तीत जास्त २५ लेकरं. वाचून वाटलं हे तर माझ्यासाठीच काढलंय. पण आमच्या घराच्या आसपास एक पण नाही, तर स्टार कशाला देऊ? आणि दुकान रात्री नऊला बंद होतं, साडेसात तासानं पण माझं अर्धंच भागलं असतं, तरी ते अर्धं मिळालं असतं तर मातृवंदनेचे ५००० मी हसत सोडले असते. कारखान्यात-कंपनीत असलेल्या बायांनी एक विचारून बघा, ५० किंवा त्याच्यावर माणसं कामाला असली तर पाळणाघराची सोय मालकानं करायची असा २०१७ पासून कायदा आहे. आमच्या दुकानात आम्ही सगळे मिळून बारा, म्हणजे आपला काही नंबर लागत नाही.

सध्या पोरगी गल्लीतल्या मावशींकडं असते, महिन्याला दोन हजार आणि डबा आपला. तीनची झाली की अंगणवाडीत घालणार, खिचडी तिथं खरंच छान करतात, फक्त दुपारी तिला आणून मावशींकडं सोडायचं कुणी ह्याच्यावरून घरात अजून चालू आहे.