बँकॉकचं ऐरावत म्युझियम: बाहेरनं फोटो काढून परत येऊ नका

साताऱ्यातनं बँकॉक-पटाया करणारे आता पुष्कळ झालेत, म्हणून मुद्दाम लिहितोय. बँकॉकला लागूनच सामुत प्राकान नावाचा भाग आहे, तिथं एरावान म्युझियम आहे. एरावान म्हणजे आपला ऐरावतच. आम्ही दिवाळीनंतर गेलेलो, मी, बायको आणि आई. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात हे फक्त फोटो स्टॉप म्हणून होतं, बस बाहेर थांबली, वीस मिनिटं दिली, सगळ्यांनी मोबाईल वर केले, फोटो काढले आणि चला बसमध्ये. आई म्हणाली, "अरे एवढा ऐरावत उभा केलाय आणि आत काय आहे ते कुणीच बघत नाही?" मला ते फार लागलं. शेवटचा दिवस शॉपिंगसाठी मोकळा होता, तो आम्ही तिघांनी तिथं घालवला आणि अख्ख्या ट्रिपमधला तोच दिवस लक्षात राहिला.

बीटीएस म्हणजे बँकॉकची उंचावरून धावणारी शहर-रेल्वे, तिच्या स्टेशनचं नावच चांग एरावान आहे, चांग म्हणजे हत्ती, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. गुलाबी गोल इमारत आणि तिच्या डोक्यावर तीन तोंडांचा हत्ती. नुसता हत्ती २९ मीटर उंच, खालच्या इमारतीसकट जवळजवळ ४४ मीटर, वजन २५० टन. अंगावर तांब्याचे लहान लहान पत्रे हातानं ठोकून बसवलेत, खाली उभं राहून नीट बघितलं की सांधे दिसतात. आमच्या आजीचं तांब्याचं घंगाळ होतं ना, तेच काम, फक्त एवढं मोठं की मान दुखते बघताना.

आत जायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे मजा येते. खाली पाताळ, मधे माणसांचं जग आणि वर हत्तीच्या पोटात स्वर्ग अशी तीन लोकांची रचना आहे. थायलंडमध्ये १४व्या शतकातला त्रैभूमी नावाचा ग्रंथ आहे, सुखोथाई या जुन्या थाई राज्याचा राजा लिथाई याच्या नावावर, त्यात बौद्ध विश्वाची अशी मांडणी आहे, मधोमध मेरू पर्वत आणि त्याच्या शिखरावर इंद्राचा स्वर्ग. म्हणजे मेरू तोच, इंद्र तोच, ऐरावत तोच. फक्त तिकडच्या कथेत ऐरावताला तेहतीस तोंडं आहेत, मूर्तीत तीन दाखवतात. आई म्हणाली आपला तर एका तोंडाचा आणि चार दातांचा, मग आम्ही जिना चढता चढता त्यावरच बोलत होतो.

तळमजला भराभर बघितला, तिथं जुनी चिनी भांडी, फर्निचर असं आहे, ज्यांना आवड आहे ते तासभर रमतील. मधला मजला मात्र घाई करून बघू नका. वर रंगीत काचेचं छत, जेकब श्वार्झकॉफ नावाच्या जर्मन कलाकारानं केलेलं, त्यात जगाचा नकाशा आणि राशी. चार खांबांवर कथिलाचे पत्रे ठोकून उठावाची चित्रं काढलीत, बौद्ध, हिंदू, ख्रिश्चन कथा. आणि जिना बघाच. कठड्यावर बेंजारोंग म्हणजे पाच रंगांच्या चिनीमातीच्या भांड्यांची नक्षी आहे, लांबून नुसती फुलंपानं वाटतात, जवळ नाक नेलं की कळतं की ही पाकळी म्हणजे चिमुकली वाटी आहे. बायको त्या एका कठड्याजवळ पंधरा मिनिटं उभी होती.

मग पोटात. हत्तीच्या एका मागच्या पायात लिफ्ट आहे, दुसऱ्यात गोल जिना. आईच्या गुडघ्यांमुळे ती लिफ्टनं, आम्ही जिन्यानं. चपला काढायच्या. आत निळसर अंधार, छतावर ग्रह-तारे रंगवलेत, कडेनं वेगवेगळ्या काळातल्या बुद्धमूर्ती. या स्वर्गाला तावतिंस म्हणतात, पाली भाषेत त्याचा अर्थ तेहतीस, तेहतीस देवांचा स्वर्ग. आईला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली आपले तेहतीस कोटी. आणि बौद्ध परंपरा असं सांगते की बुद्धांची आई मायादेवी त्यांच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली, पुढं बुद्ध याच तावतिंसात जाऊन पावसाळ्याचे तीन महिने आईला धम्म सांगत बसले. हे मी तिला तिथंच हळू आवाजात सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिथं एक थाई आजी बसलेल्या, दोघींनी एकमेकींकडं बघून हात जोडले.

ज्यांनी हे उभं केलं ते थाई उद्योगपती लेक विरियाफान, पटायातलं सँक्चुअरी ऑफ ट्रुथ हे लाकडी मंदिर पण त्यांचंच. आपला जुन्या वस्तूंचा संग्रह देशातच राहावा, लोकांना बघता यावा ही त्यांची तळमळ होती. २००० साली ते गेले, हे काम पुरं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही. मला सारखी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधची आठवण येत होती, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर आपला संग्रह लोकांसाठी खुला केला तीच जातकुळी. ज्यांनी औंध अजून बघितलं नाही त्यांनी आधी ते बघा, एस.टी.नं जाता येतं.

बाहेर बागेत पाण्यात कमळ सोडतात, आईनं पण सोडलं. तिकीट आम्ही गेलो तेव्हा परदेशी मोठ्या माणसाला ४०० बाट होतं, वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. दोन तास हाताशी ठेवा, अंगभर कपडे घाला, आणि टूर बुक करतानाच विचारा की आत नेणार का नुसतं बाहेरनं दाखवणार. बाहेरनंच म्हणाले तर मोकळ्या दिवशी बीटीएस पकडून स्वतः जा, म्हातारी माणसं बरोबर असली तरी अडत नाही.