विवाह प्रदर्शनात स्टॉल घेण्यापूर्वी आणि तेथे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी

विवाह प्रदर्शनाच्या एका आयोजकाने आमची फसवणूक केली आणि त्याच सभागृहात, आमच्या शेजारच्या स्टॉलवर, एका जोडप्याची वेगळ्या प्रकारे फसवणूक झाली. या दोन्ही घटना मी सविस्तर लिहीत आहे, कारण लग्नाच्या व्यवसायात नव्याने उतरणारे छायाचित्रकार, सजावटकार आणि रंगभूषाकार, तसेच आयुष्यात पहिल्यांदाच एवढा मोठा खर्च करायला निघालेली जोडपी, या सर्वांनी पैसे देण्यापूर्वी काय तपासायला हवे, ते या दोन घटनांतून स्पष्ट दिसते.

माझी व्यवसायातील भागीदार आणि मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. प्रदर्शनाच्या आयोजकांच्या विक्री प्रतिनिधीने फोन केला तेव्हा त्याने तीन आश्वासने दिली: छायाचित्रणाचे स्टॉल तीनपेक्षा अधिक असणार नाहीत, आमचा स्टॉल प्रवेशद्वारापासून जवळ असेल आणि प्रदर्शनानंतर भेट दिलेल्या सर्व जोडप्यांची यादी लग्नाच्या तारखांसह आम्हाला मिळेल. ही आश्वासने करारात लिहून द्यावीत, असे आम्ही सांगितल्यावर करारनामा सर्वांसाठी एकच असतो आणि त्यात बदल करण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले; त्याच दमात, दुसरे एक छायाचित्रकार हीच जागा मागत आहेत, तेव्हा संध्याकाळपर्यंत रक्कम भरावी, असेही सांगण्यात आले. त्यानंतर त्याने पाठवलेल्या ईमेलमध्ये शेवटचा स्टॉल शिल्लक असल्याचा आणि यादी देण्याचा उल्लेख होता. छापील करारात मात्र आयोजक आवश्यकतेनुसार स्टॉलची जागा आणि मांडणी बदलू शकतील, तसेच भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही, अशी दोन कलमे होती. पुढे जे घडले ते सर्व या दोन कलमांच्या आडोशाने घडले.

प्रत्यक्षात आमचा स्टॉल सभागृहाच्या मागच्या भिंतीलगत, बाहेर पडण्याच्या दाराशी होता. त्या रांगेत जवळजवळ प्रत्येक स्टॉल छायाचित्रकाराचाच होता आणि आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत उभे होतो. समोरून जे लोक जात होते त्यांतील अनेकांच्या गळ्यात स्टॉलधारकांना दिलेली ओळखपत्रे होती, म्हणजे ते आमच्यासारखेच विक्रेते होते. उरलेल्यांपैकी बरेच जण मोफत प्रवेशिकेवर, भेटवस्तूंची पिशवी घेण्यासाठी आलेले होते. ही पिशवी दाराजवळच्या टेबलावर मिळत असल्याने आमच्या रांगेपर्यंत येण्याचे त्यांना काही कारणच नव्हते. प्रदर्शन संपल्यावर आयोजकांनी उपस्थितीचा जो आकडा जाहीर केला, तो त्या सभागृहात दोन्ही दिवस उभे राहिलेल्या कोणालाही पटण्यासारखा नव्हता.

असे आकडे कसे तयार होतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. एकच व्यक्ती दोन्ही दिवस आली तर तिच्या दोन भेटी मोजल्या जातात आणि जाहिरातीत त्या भेटींनाच अभ्यागत म्हटले जाते. वधूबरोबर आलेली आई, बहीण आणि मैत्रीण यांचीही स्वतंत्र गणना होते, वास्तविक स्टॉलधारकाच्या दृष्टीने ते एकच संभाव्य काम असते. वाटलेल्या प्रवेशिका, ऑनलाइन झालेली नोंदणी आणि दारात प्रत्यक्ष तपासलेल्या प्रवेशिका हे तीन पूर्णपणे वेगळे आकडे आहेत; पण त्यांतील जो सर्वांत मोठा असेल तो माहितीपत्रकात छापला जातो. प्रदर्शन उद्योगातील प्रामाणिक मंडळींना हा दोष फार पूर्वीपासून माहीत आहे. जर्मनीत प्रदर्शनांच्या आकडेवारीची स्वेच्छेने तपासणी करून घेण्यासाठी एफकेएम ही संस्था 1965 मध्येच स्थापन झाली, आणि 1925 मध्ये मिलान येथे स्थापन झालेली यूएफआय ही प्रदर्शन उद्योगाची जागतिक संघटना एखाद्या प्रदर्शनाला मान्यता देताना त्याच्या आकडेवारीचे लेखापरीक्षण मागते. विवाह प्रदर्शने बहुधा या चौकटीत येत नाहीत. म्हणूनच गेल्या वर्षी दारात किती जोडप्यांची नोंद झाली, हा प्रश्न आयोजकाला लेखी विचारावा आणि उत्तरात व्यक्तींचा आकडा आला तर जोडप्यांचा पुन्हा विचारावा.

खरी फसवणूक उघड झाली ती यादीवरून. बऱ्याच तगाद्यानंतर ईमेलने आलेल्या त्या तक्त्यात नाव, फोन क्रमांक, ईमेल आणि लग्नाची तारीख असे रकाने होते. तारखांचा रकाना वरून खाली वाचत गेल्यावर दिसले, की त्यांतील कित्येक तारखा प्रदर्शनाच्या आधीच उलटून गेलेल्या होत्या. मधल्या एका ओळीत तर आम्हीच मागील हंगामात ज्यांच्या लग्नाची छायाचित्रे काढली होती, त्या जोडप्याचे नाव होते. मी वधूला फोन केला. या प्रदर्शनाला ती गेलीच नव्हती. फार पूर्वी दुसऱ्या एका प्रदर्शनात बक्षीस सोडतीसाठी तिने एक अर्ज भरला होता, एवढेच तिला आठवत होते. म्हणजे आम्हाला विकलेली यादी जुनी, दुसरीकडे गोळा केलेली आणि त्या लोकांना न विचारता पुढे दिलेली होती. युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या नियमावलीनुसार व्यक्तिगत माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच्याशी न जुळणाऱ्या कारणासाठी ती सहजासहजी वापरता येत नाही आणि तिसऱ्याच्या हाती देण्यासाठी कायदेशीर आधार लागतो. तेव्हा अशी यादी वापरणारा छायाचित्रकारही अडचणीत येऊ शकतो. आम्ही ती यादी वापरली नाही. सोडतीचा अर्ज भरणाऱ्या जोडप्यांनीही लक्षात ठेवावे, की त्या अर्जावरील फोन क्रमांक आणि लग्नाची तारीख ही आयोजकाच्या दृष्टीने विक्रीयोग्य वस्तू असते.

या व्यवहारात पैसा कोणत्या क्षणी हात बदलतो, याकडे स्टॉल घेणाऱ्याने सर्वांत आधी पाहिले पाहिजे. जोडप्यांना प्रवेश मोफत किंवा नाममात्र असतो. आयोजकाचे मुख्य उत्पन्न स्टॉलच्या भाड्यातून येते आणि ते दारे उघडण्यापूर्वीच पूर्ण जमा झालेले असते. सभागृह भरले काय आणि रिकामे राहिले काय, त्या वर्षीच्या त्याच्या हिशेबात काहीच बदलत नाही. ज्याला दरवर्षी त्याच व्यावसायिकांकडे पुन्हा जायचे आहे, तो आयोजक गर्दी जमवण्यासाठी जिवाचे रान करतो. ज्याला दरवर्षी नवे व्यावसायिक सापडतात, त्याला त्याची गरज भासत नाही. त्यामुळे आयोजकाने दिलेल्या अभिप्रायांपेक्षा गेल्या दोन प्रदर्शनांच्या स्टॉलधारकांच्या याद्या शेजारी ठेवून किती नावे पुन्हा आली आहेत ते पाहावे आणि जी नावे परत आलेली नाहीत, त्यांना आवर्जून फोन करावा. आमच्या शेजारच्या रांगेतील जवळजवळ सर्वच जण त्या आयोजकाकडे प्रथमच आलेले होते.

प्रदर्शन भरले तरी नशीब, अशीही प्रकरणे घडलेली आहेत. 2010 मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात अस्तित्वातच नसलेल्या एका गृह आणि विवाह प्रदर्शनाचे स्टॉल आणि प्रवेशिका ऑनलाइन विकण्यात आल्या होत्या. नामांकित सभागृहाचे नाव जाहिरातीत होते, पण तेथे असे कोणतेही प्रदर्शन ठरलेलेच नव्हते आणि अखेर प्रकरण एफबीआयकडे गेले. सभागृहाच्या कार्यालयाला एक फोन करून त्या तारखेला त्या नावाने आरक्षण आहे का, एवढे विचारले असते तरी हे उघडकीस आले असते. याशिवाय स्टॉल घेतल्यावर आणखी दोन प्रकारची पत्रे येऊ लागतात. एकात प्रदर्शनाच्या सूचीतील आपली मोफत नोंद तपासून सही करून परत पाठवण्यास सांगितलेले असते आणि तळाशी बारीक अक्षरांत काही वर्षांच्या वार्षिक शुल्काचा करार दडलेला असतो. यूएफआय या प्रकाराबद्दल स्टॉलधारकांना वारंवार सावध करत आली आहे. दुसऱ्यात आयोजकाशी काहीही संबंध नसलेली व्यक्ती प्रदर्शनाच्या अभ्यागतांची यादी विकू पाहते. दोन्हींना उत्तर देऊ नये.

आता शेजारच्या स्टॉलविषयी. तो एका सजावटकाराचा होता आणि फुलांची कमान, दिवे, मखमली आसने अशी त्याची मांडणी त्या रांगेत सर्वांत देखणी होती. एका तरुण जोडप्याला त्याने आजच आरक्षण केल्यास मोठी सवलत मिळेल, प्रदर्शन संपताच दर पूर्ववत होईल, असे सांगितले आणि दोघे बाजूला जाऊन बोलू लागल्यावर त्यांच्या लग्नाच्या तारखेसाठी दुसरी एक चौकशी आल्याचेही सांगितले. त्यांनी आगाऊ रक्कम भरली. काही महिन्यांनी त्या मुलीने मला फोन केला, कारण त्या दिवशी तिने आमचेही कार्ड नेले होते. सजावटकाराचा फोन बंद होता आणि ईमेल परत येत होते. मी तिला पावतीचे छायाचित्र पाठवायला सांगितले. पावतीवर ‘आरक्षण रक्कम, परत मिळणार नाही’ असा शिक्का होता, रक्कम होती आणि एक अस्पष्ट सही होती. लग्नाची तारीख नव्हती, काय सजवायचे त्याचा उल्लेख नव्हता, व्यवसायाचा नोंदणी क्रमांक किंवा पत्ता नव्हता. ज्या कमानीवर भाळून त्यांनी पैसे दिले, ती त्या सजावटकाराने दुसऱ्याकडून भाड्याने आणली होती, हे आम्हाला नंतर त्या दुसऱ्याकडूनच कळले. आयोजकाने हात झटकले, कारण स्टॉलधारकाची कोणतीही पडताळणी आयोजक करत नाही, असे प्रवेशिकेच्या मागे छापलेले होते.

घरी गेल्यावर विचार बदलला तर कायदा सोडवील, अशी अनेकांची समजूत असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम तात्पुरत्या जागी झालेल्या काही विक्री व्यवहारांतून तीन कामकाजी दिवसांत माघार घेऊ देतो. युरोपीय संघात व्यवसायाच्या जागेबाहेर झालेल्या करारांसाठी सामान्यतः 14 दिवसांची मुदत असते. परंतु संघाच्या न्यायालयाने 2018 मध्ये असे ठरवले, की प्रदर्शनातील स्टॉल हीदेखील परिस्थितीनुसार व्यवसायाची जागा ठरू शकते आणि तसे झाल्यास हा हक्क राहत नाही. शिवाय ठरावीक तारखेच्या सेवांना अनेकदा अपवाद असतात. म्हणून माझे ठाम मत असे, की प्रदर्शनाच्या सभागृहात एकही रुपया, डॉलर किंवा युरो देऊ नये आणि कशावरही सही करू नये. प्रामाणिक व्यावसायिकाला सवलत आठवडाभर कायम ठेवायला सांगितल्यास तो कार्डाच्या मागे लिहून देतो. जो नकार देतो, त्याचा नकारच पुरेसा आहे.

एवढे सांगितल्यावरही मी जोडप्यांना प्रदर्शनांकडे फिरकू नका, असे म्हणणार नाही. कापडाचा पोत, अल्बमच्या कागदाची जाडी, छायाचित्रकाराशी बोलताना वाटणारा मोकळेपणा किंवा अवघडलेपणा या गोष्टी पडद्यावर कळत नाहीत आणि एका दुपारी अनेकांशी बोलता येते, हा मोठा लाभ आहे. आमच्या अनुभवात सभागृहमालकाने स्वतःच्याच जागेत भरवलेले छोटे खुले दिवस सर्वांत उपयोगी ठरले, कारण तेथे बोलावलेल्या व्यावसायिकांनी त्या जागेत आधी काम केलेले असते आणि त्यांच्याबद्दल तक्रार आली तर मालकालाही तोंड द्यावे लागते. मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का, याचे माझे उत्तर मात्र बदलले आहे: स्टॉलची जागा नकाशावर क्रमांकासह, आपल्या वर्गातील स्टॉलची कमाल संख्या आणि प्रदर्शन रद्द किंवा पुढे ढकलल्यास परतावा, हे तिन्ही करारात आल्याशिवाय घेऊ नये. 2020 मध्ये महासाथीमुळे प्रदर्शने पुढे ढकलली गेली तेव्हा परताव्याचे कलम नसलेल्या अनेकांची रक्कम अडकून पडली होती.

पैसे परत मिळवण्याच्या प्रयत्नात त्या जोडप्याची बाजू आमच्यापेक्षा बळकट ठरली. त्यांनी कार्डाने पैसे भरले होते आणि व्हिसा व मास्टरकार्डच्या नियमांत सेवा न मिळाल्याच्या तक्रारीसाठी सर्वसाधारणपणे 120 दिवसांची मुदत असते, जी सेवा मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजता येते. लग्नाचे आरक्षण खूप आधी होत असल्याने हा तपशील फार महत्त्वाचा आहे. बँकेने त्यांच्याकडे पावती, परत आलेले ईमेल आणि लग्नाच्या तारखेचा पुरावा मागितला आणि रक्कम परत मिळाली. आमची तक्रार बँकेने नाकारली, कारण स्टॉल प्रत्यक्ष दिला गेला होता, आणि ग्राहक संरक्षणाचे बहुतेक कायदे व्यावसायिकाने व्यवसायासाठी केलेल्या खरेदीला लागू होत नाहीत. आमच्या हातात उरला तो प्रतिनिधीचा ईमेल, ज्यात शेवटच्या स्टॉलचा आणि यादीचा उल्लेख आहे. त्याच रांगेतील इतर छायाचित्रकारांकडेही तशाच मजकुराचे ईमेल निघाले आहेत आणि आम्ही सर्वांनी मिळून आयोजकाला वकिलामार्फत एकत्र नोटीस दिली आहे. आश्वासनाविरुद्ध स्टॉल मिळालेल्या इतरांनीही आपले मूळ ईमेल पुसून न टाकता जपावेत, त्या दिवशीच्या रांगेची आणि स्टॉलच्या जागेची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत आणि आलेल्या यादीची मूळ प्रत तशीच बाजूला ठेवावी, कारण वकिलाने आमच्याकडे सर्वांत आधी याच तीन गोष्टी मागितल्या.