गुडघ्याचं आरएफए: यंत्राची कंपनी नंतर, सुईची जागा आधी

‘ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी बंद’ या एका ओळीवर पेन क्लिनिकांतली ही सेवा विकली जाते. ओळ अर्धी खरी आहे. चिरफाड नसते, हे खरं. दुखणं बंद होतं असं मात्र सरसकट कुणालाच सांगता येत नाही. जेनिक्युलर आरएफए (रेडिओफ्रीक्वेन्सी अब्लेशन) म्हणजे गुडघ्याच्या वेदनेची वर्दी मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने निकामी करणं. योग्य पेशंट निवडला आणि सुई नेमकी बसली, तर आम्ही या उपचाराला पाचपैकी चार देऊ. पहिल्याच भेटीत ‘आजच उरकून टाकू’ म्हणणाऱ्या ठिकाणी तोच उपचार दोनवर येतो, यंत्र कितीही भारी असलं तरी.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नस. त्यामुळे ‘नस जाळणार’ म्हटलं की पायातला जीव जाईल, अशी भीती घरातले सगळे घेतात. इथे ज्या नसा जाळतात त्या सांध्यापुरत्या, संवेदना नेणाऱ्या असतात. पाय उचलणं, चालणं हे काम त्यांच्याकडे नसतं. नेहमीच्या पद्धतीत तीन जागा घेतात. मांडीचं हाड खाली येताना जिथे रुंदावायला लागतं, त्या वळणावर आतून एक आणि बाहेरून एक. तिसरी नडगीच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूने, जिथे हाडाचं डोकं संपून दांडा सुरू होतो. चौथी जागा, म्हणजे खाली बाहेरच्या बाजूची, मुद्दाम सोडतात. तिथून पाऊल वर उचलायला लावणारी मोठी नस जाते. तिला चटका बसला तर पाऊल लुळं पडतं, चालताना चप्पल निसटते. ‘आम्ही चारही बाजूंनी करतो’ अशी जाहिरात कुणी करत असेल, तर त्या चौथ्या जागेबद्दल आधी खुलासा मागा.

या सगळ्या सेवेत पेशंटने सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते टेस्ट ब्लॉककडे, आणि नेमका तोच भाग घाईत उरकला जातो. तीन जागी बारीक सुईने लिडोकेन किंवा ब्युपिव्हाकेन देऊन नसा तेवढ्यापुरत्या झोपवतात. दुखणं थांबलं तर त्याच नसा कारणीभूत, असा हिशेब. हा हिशेब कुठे चुकतो ते पाहा. प्रत्येक जागी औषध जास्त सोडलं की ते आजूबाजूला पसरतं आणि भलत्याच कारणाने आराम पडतो. त्यात स्टिरॉइड मिसळलं तर आठवडाभर बरं वाटतं, पण ते नसांमुळे की स्टिरॉइडमुळे, हे कळायची सोय राहत नाही. गुंगीचं औषध दिलं तर पेशंट दुपारभर झोपतो आणि संध्याकाळी ‘बरं वाटलं’ म्हणतो. आणि सर्वांत नेहमीची चूक: ब्लॉक करून पेशंटला घरी पाठवतात, तो पाय वर करून पडून राहतो. पडून राहिल्यावर गुडघा तसाही दुखत नाही.

ब्लॉकचा उपयोग हवा असेल तर त्या दिवशी गुडघ्याला कामाला लावा. जे केल्यावर कळ येते तेच करायचं: जिना उतरायचा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बाजाराची पिशवी घेऊन चौकापर्यंत जाऊन यायचं. दर तासाला शून्य ते दहापैकी दुखण्याचा आकडा वहीत लिहायचा, ब्लॉकच्या आधीचा आकडाही सोडायचा नाही. लिडोकेनचा आराम एखाद-दोन तास आणि ब्युपिव्हाकेनचा त्याहून बराच जास्त टिकून मग मूळ दुखणं परत आलं, तर निकाल विश्वासाचा. चार दिवस आराम टिकला तर आनंद माना, पण त्यावरून नसा जाळायचा निर्णय घेऊ नका.

याला एक आडवी बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये आलेल्या एका चाचणीत काहींना आधी ब्लॉक दिला, काहींना थेट प्रक्रियेला घेतलं. सहा महिन्यांनी निम्मं किंवा त्याहून जास्त दुखणं कमी झालेल्यांचं प्रमाण ब्लॉकवाल्यांत ५८.६ टक्के आणि बिनब्लॉकवाल्यांत ६४ टक्के निघालं. म्हणजे ब्लॉकने चाळणी लागलीच नाही. काही डॉक्टर याच आधारावर ब्लॉक गाळतात. पण तिथे प्रत्येक जागी १ मिली औषध होतं आणि ५० टक्के आराम मिळाला की पेशंट पास. आमच्या मते चाळणीची भोकंच मोठी होती. अर्धा मिली औषध आणि ८० टक्क्यांच्या आसपास आराम ही रेषा आम्हाला जास्त पटते. शिवाय ब्लॉकने काहीच फरक पडला नाही, तर मोठा खर्च तिथेच थांबतो.

प्रत्यक्ष प्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासाची, त्याच दिवशी घरी सोडतात. पेशंट उताणा, गुडघ्याखाली उशी, गुडघा थोडा दुमडलेला. सी-आर्मवर, म्हणजे टेबलाभोवती फिरणाऱ्या एक्स-रे यंत्रावर, समोरून चित्र घेतात तेव्हा सांध्याची फट मोकळी आणि सरळ दिसली पाहिजे. ती तिरकी दिसत असेल तर पुढची सगळी मापं चुकतात. कातडी बधिर करून साधारण १० सेंटिमीटर लांबीची सुई हाडाला टेकेपर्यंत नेतात. सुईवर इन्सुलेशन असतं, फक्त टोकाचे १० मिलिमीटर उघडे. मग सी-आर्म आडवा फिरवून बाजूने बघायचं: टोक हाडाच्या दांड्याच्या जाडीच्या मध्यावर हवं. समोरून अगदी बरोबर दिसणारी सुई बाजूने बघितली की बोटभर पुढे निघालेली असते. एकाच बाजूचं चित्र घेऊन काम संपवणं हे या प्रक्रियेच्या अपयशाचं अगदी साधं कारण आहे. सोनोग्राफीवरही हे काम चांगलं होतं. तिथे नसेशेजारून जाणारी छोटी धमनी डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोयीवर, दिसते, तिचाच माग काढत नसेपर्यंत पोचतात आणि ती धमनी टोचणंही टळतं.

जाळण्याआधी सुईतून हलका करंट सोडून दोन तपासण्या. ५० हर्ट्झवर अर्ध्या व्होल्टच्या आसपासच ओळखीची कळ उठली, तर नस जवळ आहे. मग २ हर्ट्झवर साधारण २ व्होल्टपर्यंत वाढवत न्यायचं आणि पोटरी, पाऊल उडत नाही ना, ते पाहायचं. उडालं तर सुई हलवायची. पेशंट जागा आणि बोलता हवा तो याचसाठी. ‘पूर्ण भूल देतो, काही कळणार नाही’ हे ऐकायला गोड वाटतं, पण ती सोय इथे नको. त्यानंतर प्रत्येक सुईतून थोडं लिडोकेन, मिनिटभर थांबायचं आणि ८० अंश सेल्सियसला ६० ते ९० सेकंद.

मांडीला किंवा पोटरीला एक चिकट प्लेट लावतात, करंट परत जायला वाट म्हणून. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिचा एक कोपरा सुटला, खाली दाट केस असले, किंवा आदल्या रात्री तेल-बाम चोळलेला असला, तर सगळा करंट चिकटलेल्या तेवढ्या तुकड्यातून जातो आणि कातडी भाजते. त्यामुळे प्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून पायाला तेल लावू नका. दुसरी भाजण्याची जागा नडगीच्या आतली. बारीक अंगाच्या बाईच्या नडगीवर बोट ठेवून पाहा: कातडी आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम काही मिलिमीटर मांस असतं. तिथे उष्णता वर आली की कातडी खोलवर जळते आणि जखम भरायला महिने जातात. काळजी घेणारा डॉक्टर या जागी कातडीखाली द्रव सोडून अंतर वाढवतो आणि वर हात ठेवून कातडी गरम होते का, ते बघत राहतो.

आता यंत्रांची तुलना, कारण दरपत्रकातला मोठा फरक इथून येतो. साध्या, म्हणजे थर्मल आरएफची जळलेली जागा लांबट, सुईच्या अंगाने तयार होते. टोकाच्या पुढे ती फारशी जात नाही. म्हणून सुई शक्यतो नसेला समांतर झोपवावी लागते आणि जाड, १८ गेजची सुई बारीकपेक्षा चांगली. २२ गेजच्या बारीक सुईने जळते ती जागा इतकी अरुंद, की नस हुकायची शक्यता वाढते. कूल्ड आरएफमध्ये टोकातून पाणी फिरत असतं. टोक ६० अंशांवर राखतात, आजूबाजूचं मांस मात्र ८० च्या आसपास तापतं. लगतचा भाग करपत नाही, म्हणून उष्णता लांब पोचते आणि १५० सेकंदांत मोठा, गोलसर भाग जळतो. सुई थोडी इकडेतिकडे असली तरी नस सापडते. पण जास्त भाग जळतो म्हणून बारीक अंगाच्या पेशंटच्या नडगीवर तीच गोष्ट अडचणीची होते. पल्स्ड आरएफ हा तिसरा प्रकार ४२ अंशांवर चालतो, त्यात नस जळत नाही. तो ‘लेझरसारखा आधुनिक’ म्हणून आरएफएच्या दरात कुणी देत असेल, तर ती फसगत समजा.

पुरावा किती? कोरियात झालेल्या २०११ च्या पहिल्या चाचणीत ३८ पेशंट होते. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्या १७ पैकी १० जणांचं दुखणं निम्म्याने किंवा जास्त उतरलं, खोट्या उपचाराच्या गटात कुणाचंच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘कूलीफ’ या कूल्ड यंत्राला गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता दिली. त्याच्या १५१ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ७४.१ टक्के पेशंटना असा आराम होता. सांध्यात स्टिरॉइड घेतलेल्यांत १६.२ टक्के. आकडे चांगले आहेत, पण पैसा यंत्राच्या कंपनीचा होता आणि तुलना स्टिरॉइडशी. सहा महिने टिकणं हे स्टिरॉइडचं कामच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी आरएफएची शिफारस केली, ती सशर्त. त्याच कागदात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) आणि स्टेम सेलच्या विरोधात ठाम मत आहे. कुणी आरएफएसोबत पीआरपीचं पॅकेज पुढे केलं, तर हे आठवा.

झिजलेली गादी याने भरत नाही, वाकलेला पाय सरळ होत नाही. गुडघा अडकतो, लचकतो, किंवा पाय धनुष्यासारखा झालाय, त्यांनी हाडांच्या डॉक्टरकडेच जावं. सांधेबदल ठरलेला असेल तर आधी आरएफए करून नंतरचं दुखणं कमी होईल, ही आशाही चाचणीत टिकली नाही. कमरेतून किंवा खुब्यातून गुडघ्यात उतरणारं दुखणं याने जाणार नाही, म्हणून कंबर आणि खुबा तपासल्याशिवाय तारीख घेऊ नका. वाटीच्या मागचं दुखणंही या तीन जागांनी अर्धवटच सुटतं. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, सुरू ठेवायच्या की थांबवायच्या हे गोळ्या देणारा आणि आरएफए करणारा, अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

घरी आल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे गुडघा जास्तच ठणकतो, कातडीवर उन्हाने भाजल्यासारखी आग होते. इथेच बरेच जण ‘पैसे वाया गेले’ म्हणून क्लिनिकला फोन करतात. खरा फरक दोन ते चार आठवड्यांत कळतो. ताप, वाढती सूज, पू किंवा पाऊल उचलता न येणं, यांतलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी जा. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर. मग नस पुन्हा वाढते आणि प्रक्रिया परत करता येते. हे सहा महिने मांडीचे स्नायू कमवायला वापरायचे: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून ५ सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा. क्लिनिकने याचा कागद हातात दिला नाही, तर आम्ही गुण कापतो.

बिलात ब्लॉक, सुया, प्रोब (सुईतून आत घालायची, उष्णता देणारी काडी) आणि डॉक्टरची फी वेगवेगळी लिहून मागा. सुया नव्या, सीलबंद हव्यात. साध्या आरएफचा आतला इलेक्ट्रोड निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, ते रास्त आहे. कूल्ड प्रोब एकदाच वापरायचा असतो, तो डोळ्यांदेखत उघडायला सांगा. विम्याची मंजुरी आधी लेखी घ्या. आणि घरी निघताना सी-आर्मची दोन्ही चित्रं, समोरचं आणि बाजूचं, प्रत्येक सुईची, तापमान आणि सेकंदांसह फाइलला लावून घ्या. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर आधी सुई कुठे बसली होती हे त्याला त्याच चित्रांवरून कळेल.